प्रवीणची वज्रगदा

आमच्या टोळीचे किस्से जमवा लागत नाही. आम्ही एका जागी बसलो की झाला एक तयार! पुसदले माह्यं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान हाये. तिथं आम्ही चार-पाच रिकामटेकडे फोनवर राक्षस मारत बसतो. पोरंबाळं झाली, केस पिकले, पण राक्षस काही सरत नाही.

आमचा हिरो म्हणजे तांड्यावरचा प्रवीण. गेममध्ये त्याच्यापाशी वज्रगदा होती. एक फटका, राक्षस आडवा! साऱ्या टोळीत तशी गदा त्याच्या एकट्यापाशीच.

*

प्रवीणसाठी पोरगी पाहाले गेलतो. गड्याचं ध्यान सारं फोनात. पोरीच्या बापानं विचारलं, "तुमच्यापाशी काय काय हाये?"

हा पठ्ठ्या म्हणे, "वज्रगदा!"

बाप शांतपणे म्हणे, "एकरात सांगा."

*

तांड्यावर लढाईपुरती रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. एकदा लढाई रंगात आली अन् प्रवीण चढला टाकीवर. हातपंप कधीचा बंद होता, म्हणून लोकायले वाटलं हे आंदोलन! गर्दी जमली. सरपंच धावत आला. "बाबू, खाली उतर! पंप आजच दुरुस्त करतो!"

वरून प्रवीण ओरडला, "थांबा जी जराक! राक्षस मेला का उतरतो!"

सारे लोकं सरपंचाकडे पाहू लागले. पंप त्याच दिवशी सुरू झाला.

*

आता दसऱ्याचं ऐका. दसऱ्याच्या संध्याकाळी मारेगावच्या टोळीसंग आमची लढाई असते. जो हारला, त्याच्या नावाखाली वर्षभर 'चेला' लिहून येते. मागच्या वर्षी त्यायच्या कॅप्टनच्या अग्नितलवारीनं आम्हाले झोपवलं. वर्षभर चेले! माह्या बायकोलेबी माहीत झालतं. यंदा सारी मदार वज्रगदेवर होती.

सकाळी प्रवीणच्या घरी शस्त्रपूजा, आम्हीबी गेलतो. याडी, म्हणजे त्याची माय, विळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप मांडून बसली. प्रवीणनं स्क्रीनवर गदा उघडली अन् फोन कुऱ्हाडीजवळ ठेवला. "याडी, हे माह्यं शस्त्र."

याडीनं मनोभावे गदेले हळद लावली. बोट दाबल्या गेलं. स्क्रीननं विचारलं, 'शस्त्र वितळवायचं?' याडीचा चष्मा खुंटीवर. तिनं कुंकू लावलं ते नेमकं 'हो'वर!

गदेचं पाणी झालं. प्रवीण मटकन खाली बसला. डोये भरून आलते हो त्याचे. मी मनात म्हटलं, अजून वर्षभर चेला!

"कायले रडून राह्यला?" याडीनं विचारलं. सारं ऐकून घेतलं अन् म्हणे, "लढाई कोणासंग हाये? लाव त्याले फोन."

मारेगावच्या कॅप्टनले फोन लागला. याडी गोड आवाजात म्हणे, "सोनं घे बेटा. पूजा झाली का तुमची? नाही? मंग जराक मायले फोन दे."

अन् आम्हाले म्हणे, "तुम्ही बाहेर जाऊन बसा."

संध्याकाळी कॅप्टनचा मेसेज आला. सोबत एक फोटो. पाटावर त्याचा फोन, स्क्रीनवर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, वर आपट्याचं पान. खाली लिहिलं होतं, "बाबाच्या फोनवरून पाठवून राह्यलो. तलवार गेली."