गाठोड्यापाशी कोण बसणार

पालमच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान हाय. ते उभं केलं माझ्या सासूनं, गौराबाईनं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. सासरे गेले तवा माझा नवरा दुसरीत होता. तवापासून तीस वर्षं आत्याबाई वर्षाचा माल आणायला हैदराबादला जायच्या, एकट्याच. एसटीनं गंगाखेड, तिथून रेल्वे. चारमिनारजवळच्या लाड बाजारात बांगड्या घ्यायच्या, गाठोडं बांधायचं आन् संध्याकाळची गाडी धरायची.

नवरी चुडा भरायला आली आन् तिचा हात टणक निघाला, की बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडती. पोरगी कळवळती. मग आत्याबाई सुरू करायच्या, "मी चारमिनारवर चढले तवा काय झालं..." पायऱ्या कशा रुंद, हत्ती चढंल अशा, वर वारं कसं गार. पोरगी ऐकत बसायची आन् बांगडी कवा हातात गेली तिला कळायचं न्हाई. सोळा वर्षं ऐकून माझे कान किटले. एका नवरीला पायऱ्या शंभर, दुसरीला तीनशे. पण खरं सांगते, ऐकून ऐकून मलाबी तिथं चढायचं लय मनात होतं.

यंदा त्यांचे गुडघे गेले. म्हणाल्या, "ही माझी शेवटची खेप. चल, तुला व्यापारी दाखवून देते." नवऱ्याला दुकानात बसवून आमी दोघी निघालो.

माल घेऊन झाला तवा चार वाजून गेले होते. गाडीला अजून वेळ होता. मी त्यांना न विचारताच चारमिनारवर चढायची दोन तिकिटं काढली. आत्याबाई गाठोडं घेऊन दारापाशी आल्या आन् तिथल्या माणसाला म्हणाल्या, "बाबा, जिना कुठं हाय?"

मी बघतच राहिले. "तीस वर्षांत जिना हलला का काय, आत्याबाई?"

त्या गाठोड्याशेजारी खाली बसल्या. "मी कवाच चढले न्हाई, रंजने. काच हाय ही. कुणाच्या भरवशावर टाकून जाऊ?"

"मग सोळा वर्षं मला येड्यात काढलं?"

"पोरींचं ध्यान हातावरून जावं म्हणून सांगायचे."

माझं डोकं सणकलं. त्यात तो दारावरचा माणूस म्हणाला, गाठोडं वर न्यायचं न्हाई, आन् तासाभरात बंद होणार. म्हणजे दोघींतली एकच जाणार. माझा एक पाय आत होता. मी जाणारच होते, खोटं कशाला बोलू. मागं वळून बघितलं, तर आत्याबाई मान वर करून त्या मिनारांकडं बघायल्या होत्या. मी दिसतच नव्हते त्यांना.

"उठा," मी म्हणले. "जावा तुमी."

"अगं, गुडघे..."

"गुडघे काय पुढच्या वर्षी बरे होणार हायत? जावा म्हणते ना!"

त्या गेल्या. मी गाठोड्यापाशी बसले. थोड्या वेळानं एक बाई घामानं भिजून खाली आली. जिना अंधारा हाय, इतका अरुंद की खांदे घासतात, असं तिनं सांगितलं. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. कुठं पडल्या तर नवऱ्याला काय सांगू, हेच डोक्यात फिरत होतं. म्हातारीला वर धाडून मी शहाणी इथं बसले, म्हणून स्वतःवरच चिडले.

दार बंद व्हायच्या बेतात त्या आल्या. भिंतीला धरून, एकेक पाय टेकत. खांद्यावर पदराला चुना लागलेला.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"न्हाई सांगणार."

"अवो, मी इथं तासभर बसले की!"

"म्हणूनच न्हाई सांगणार. सांगितलं की तुझं बघायचं राहून जाईल. पुढच्या खेपेला मी येते, गाठोड्यापाशी बसते. तू चढ आन् तूच बघ."

"शेवटची खेप म्हणला होता की."

"म्हणले असंन."

सोळा वर्षांत या घरात सगळ्यांसाठी मीच थांबत आलेय. माझ्यासाठी बसून राहते, असं कुणी पहिल्यांदाच म्हणालं. मला रडू आलं. गाठोडं उचलून मी रिक्षा बघायला पुढं गेले.