काकूंचा तिसरा ठोका

"एक बार और, मग चहा," असं म्हणत काकू गिटार वाजवायची पत्ती पदराला पुसायच्या. पत्तीला काय लागलेलं असायचं देव जाणे, पण पुसल्याशिवाय वादन सुरू व्हायचं नाही.

सुदामा नगरात आमच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहत. साठी ओलांडलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. मी खालच्या खोलीत मुलांना गिटार शिकवते. एका दुपारी त्या आपल्या मुलाची जुनी गिटार घेऊन जिना उतरल्या. "मला फक्त एक गाणं शिकव. बाकी संगीत-बिंगीत नको." गाणं सिनेमातलं, कॉलेजची पोरं गच्चीवर जमली की हमखास वाजवतात ते. त्यांचा मुलगाही तेच वाजवायचा.

मुलाचं प्रकरण त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं. त्याला इंजिनिअरिंग सोडून गाण्यात जायचं होतं, तर वडिलांनी घराबाहेर काढलं. "आणि मी तिथेच पोळ्या लाटत होते गं. एक शब्द नाही बोलले." पुढे वडील वारले. मुलगा पुण्याहून आला, तेरावा उरकला आणि गेला. मग फोन उचलणंही बंद. "जेवलास का?" या मेसेजला उत्तर नाही. आता काकू त्याला त्याचंच गाणं वाजवून पाठवणार होत्या.

उजव्या हाताची चाल तशी सोपी. खाली, मग खाली-वर. तिसऱ्या ठोक्याला हात खाली न्यायचा, पण तारांना शिवायचं नाही, फक्त वर येताना वाजवायचं. शेवटी पुन्हा खाली-वर. सगळी गंमत त्या रिकाम्या ठोक्यात आहे, आणि काकूंचा हात नेमका तिथेच तारांना लागायचा. "अगं, गेलाच आहे हात, तर रिकामा कशाला परत आणायचा?" असं वर मलाच विचारायच्या.

दोन महिन्यांनी त्यांनी तसंच चुकलेलं गाणं पाठवलं. पाच मिनिटांत काकू अनवाणी खाली धावत आल्या आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. 'आई, तिसऱ्या ठोक्याला तार लागतेय.'

"बघ, त्याने 'आई' लिहिलंय!"

शिकवणाऱ्यांना ठाऊक असेल, चूक दाखवली की माणसाचं तोंड उतरतं. चूक निघाल्याचा इतका आनंद मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

मग दर रविवारी रेकॉर्डिंग जायचं आणि त्याची सूचना यायची. मनगट सैल सोड. मोजत वाजव. एकदा चक्क फोन आला, वीस मिनिटांचा. शेवटी त्याने लिहिलं, 'दिवाळीला येतो, समोर बसून शिकवतो.'

मी मात्र वैतागले होते. वर्ष होत आलं, आणि गणिताच्या बाईंना चार ठोके मोजता येऊ नयेत? एकदा फटकन बोलून गेले, "काकू, आठ वर्षांच्या पोरांना जमतं हो!" त्या नुसत्या हसल्या. "हो जाएगा गं. टेन्शन नको घेऊ." माझं ते बोलणं आज मलाच टोचतं.

पुढच्या रविवारी मी पोहे घेऊन वर गेले. दार लोटलेलं होतं. आत गाणं वाजत होतं आणि तिसरा ठोका रिकामा जात होता. एकदा नाही, सलग चार वेळा. मी आनंदाने आत शिरले, तोवर काकूंनी फोन डब्याला टेकवला होता. त्यांची माझ्याकडे पाठ होती. पत्ती पदराला पुसून त्यांनी रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि पहिल्याच फेरीत तार वाजवली. त्याच जागी.

"काकू, हे काय?"

त्या दचकल्या. फोन बंद केला. "बरोबर वाजवलं तर तो काय लिहील? 'बढिया.' बस. मग पुढच्या रविवारी मी काय पाठवू?"

पोहे हातातच राहिले.

"दिवाळीपर्यंत चुकू दे मला," त्या म्हणाल्या. "एकदा समोर बसू दे त्याला. मग अपन बरोबर वाजवू."

दिवाळीला त्याला सुट्टी मिळाली नाही. संक्रांतीला येतो म्हणाला. संक्रांतीला आठवडा होता, तेव्हा एका सकाळी काकूंचं दूध दाराबाहेरच राहिलेलं दिसलं. त्या झोपेतच गेल्या होत्या.

तेराव्यानंतर मुलगा गिटार घेऊन खाली उतरला आणि माझ्या दारात थांबला.

"ताई, आईला तो ठोका शेवटपर्यंत जमलाच नाही ना? मी समोर बसलो असतो तर एका दिवसात जमला असता."

खरं अगदी जिभेवर आलं होतं. ते सांगून त्याला सुख मिळालं असतं की जन्माचा घोर, मला अजूनही ठरवता येत नाही. मी म्हटलं, "नाही जमला."

तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला आणि वाजवू लागला. हात सफाईदार होता. पण तिसऱ्या ठोक्याला, दर फेरीत, तो तार वाजवत होता.

चूक ऐकली की माझं तोंड उघडतंच, सवयच आहे तशी. त्या दिवशी मी दाराला टेकून गाणं संपेपर्यंत ऐकत राहिले.