वेळ उरला तर 'बाबा' करा

पांढुर्ण्याजवळ आमच्या संत्र्याच्या बगीच्यामागे एक खडक आहे, त्यावर चढायच्या एका वाटेला माझं नाव आहे, आणि जाणकारांच्या मते ती वेळ उरला तरच करावी.

हे जाणकार म्हणजे माझी मुलगी रेवा आणि तिची नागपूरची मित्रमंडळी. रविवारी येतात, कमरेला पट्टे बांधतात आणि चांगल्या नोकऱ्या असूनही पालीसारखे खडकाला चिकटतात. (हा खडक मी बगीचा घेताना घासाघीस करून फुकटात पदरात पाडला. विकणाऱ्याला वाटलं सुटलो, मला वाटलं जिंकलो!) मग घरी जाऊन मोबाइलवर प्रत्येक वाटेविषयी मत लिहितात. मधल्या वाटा सगळ्यांना ठाऊक. कोपऱ्यातल्या दोन मात्र फारशा कोणाला माहीत नाहीत. त्या रेवानं स्वतः शोधल्या, दोर अडकवायला लोखंडी कड्या ठोकल्या आणि नावं ठेवली : 'आई' आणि 'बाबा'.

मी खूश होऊन मतं वाचायला बसलो.

'आई : अवघड, पण अप्रतिम. पुन्हा पुन्हा करावी.'

'बाबा : सोपी. नवख्यांसाठी बरी. वेळ उरला तर करा.'

वेळ उरला तर! हातगाडीवर संत्री विकत विकत बगीचा उभा केलेला माणूस मी! मोठमोठे दलाल माझ्याशी भाव करण्याआधी पाणी पितात!

पुढच्या रविवारी मी थेट खडकाखाली हजर.

"हे 'वेळ उरला तर' कोणी लिहिलं?"

"मी, काका," निखिल नावाचा दाढीवाला म्हणाला. "ग्रेड पाच आहे न तिची. आकडा जितका मोठा, तितकी वाट अवघड."

"आणि आईची?"

"सहा."

"मग बाबाची पण सहा कर."

"असं नाही होत, काका."

"साडेपाच?"

"बाबा, संत्र्याचा सौदा करून राहिले काय?" रेवा मधे पडली. "जो चढते, तोच मत देते. बाकीच्यांनी बोलायचं नाही."

"मग बांध मला पट्टा!"

तेवढ्यात आमची सौ. सुमन पोह्यांचा डबा घेऊन आली. मला पट्ट्यात पाहून तिनं शांतपणे विचारलं, "का जी, यंदाचा विमा भरला न?"

वरून दोर लावलेला होता, त्याचं दुसरं टोक रेवाच्या हाती. पहिल्या कडीपर्यंत मी रुबाबात गेलो. दुसऱ्या कडीशी माझे पाय शिलाई मशीनसारखे थडथडायला लागले.

"इथं धरायला काहीच नाही! हे पाच आहे? सात लिहा, सात!"

"बाबा, डाव्या हाताशी एवढी मोठी खाच आहे. कपाट मावते तिच्यात!"

"मला नाही दिसत!"

"डोळे उघडा न!"

"घाबरले काय जी?" खालून सुमन.

"मी विचार करून राहिलो!"

विचार पुष्कळ केला. शेवटी ट्रकमधून पेटी उतरवावी तसं मला उतरवण्यात आलं.

"द्या तो पट्टा इकडं," सुमन म्हणाली. ओढणी कमरेला खोचली, सरसर वर गेली, वर दोर अडकवलेल्या साखळीला हात लावून खाली आली आणि पोहे वाढायला बसली. "सोपी तर आहे बाप्पा. फक्त कोणी ओरडू नये."

निखिलनं मोबाइल काढला. "काका, चार करू काय?"

मी तरातरा जाऊन संत्र्याच्या झाडाखाली बसलो. थोड्या वेळानं रेवा येऊन शेजारी टेकली.

"रागावले?"

"आईला अप्रतिम वाट, आणि मला उरलीसुरली!"

"उरलीसुरली नाही, बाबा. पहिले नाव तुमचंच ठेवलं." ती जमिनीवरची वाळकी पानं चुरत राहिली. "लहानपणी तुमच्या खांद्यावर उभी राहून मी वरची संत्री तोडत होती. खाली पाहिलं तरी भेव नव्हतं लागत. आता ज्याला लई भेव लागते, त्याला मी पहिले त्याच वाटेवर नेते."

मी हाताशी आलेलं एक संत्रं तोडून तिला दिलं.

उठलो आणि निखिलकडे गेलो. "चार कर. नाही, तीन कर! घाबरणाऱ्याला जमली पाहिजे."

"तीन म्हणजे जिना असते, काका. चार ठीक आहे."

जन्मात पहिल्यांदा मी स्वतःचा भाव पाडायला उभा होतो, आणि तिथंही समोरचा ऐकेना!

आता त्या वाटेखाली नवख्यांची रांग असते. मी स्वतः उभा राहून प्रत्येकाला खाच कुठे आहे ते ओरडून सांगतो. परवा नवं मत आलं :

'बाबा : वेळ काढून करा. भीती जाते. पोहे उत्तम. खाली एक गृहस्थ ओरडत असतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. ते स्वतः अर्ध्यावरून उतरलेले आहेत.'