रस्त्याच्या अंगाने चालणारे काका

फोन आला तेव्हा मी बाजारात निघाले होते. एक चप्पल पायात होती आणि दुसरी शोधत होते. शुक्रवारची सकाळ. चुलतभाऊ म्हणाला, "सुमाताई, बाबा गेले... झोपेतच." मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि कितीतरी वेळ ती दुसरी चप्पल शोधत राहिले. ती समोरच होती. दिगूकाकांचं वय झालं होतं, त्यामुळे बातमीचा धक्का असा बसला नाही. लागली ती चुटपुट. रविवारी मी त्यांच्याकडे जाणार होते, त्यांना एक वाक्य सांगायचं होतं. पाच दिवस ते मनात घोळवत होते, आणि खरं सांगायचं तर त्यातले पहिले तीन दिवस मी त्यांच्यावर चांगलीच रागावलेली होते.

दिगूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. रस्त्यांच्या सरकारी खात्यात कारकून म्हणून लागले आणि तिथूनच पेन्शनीत निघाले. शिक्षण सगळं उर्दूत, घरात मराठी, बाहेर दखनी. इंग्रजीशी त्यांचं जेमतेम बोलण्यापुरतं होतं. आमचं घर काचीगुडा स्टेशनच्या मागे. गाडी आली की फडताळातले कप किणकिणत आणि आई मान वर न करता कुठली गाडी ते सांगे. डोळे मिटले की त्या काळातल्या सकाळी अजून तशाच येतात... धुक्यात अर्धा बुडालेला रस्ता, आणि दिसायच्या आधी ऐकू येणाऱ्या सायकलींच्या घंटा. तेव्हा अख्खं हैदराबाद सायकलवर होतं. वकील, मास्तर, दूधवाले, डबे नेणारे, सगळे त्या घंटांमधून तरंगत यायचे आणि पुन्हा धुक्यात विरून जायचे. निजामी अमलाचे ते शेवटचे दिवस. मोठी माणसं हलक्या आवाजात काय बोलत ते मला कळत नव्हतं. मला घंटा आठवतात.

त्या रस्त्यावर आता बसगाड्या आणि लॉऱ्याही येऊ लागल्या होत्या. रस्ता एकच आणि त्यात सगळेच. काकांच्या डोक्यात आलं की स्टेशनपासून आमच्या शाळेपर्यंत कडेने उंच पटरी बांधावी, पायी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना वेगळी. पटरी म्हणजे फुटपाथ. कचेरीच्या उर्दूत तोच शब्द होता आणि आमच्या घरच्या मराठीतही. साहेब हसले म्हणे. रस्त्याला पैसा मिळतो, चालणाऱ्याला कोण देतो? मागायचाच असेल तर किती लोक चालतात ते दाखवा. मग काय, काका रोज सकाळी कचेरीआधी इराणी हॉटेलच्या पायरीवर जाऊन बसू लागले. शेरवानीच्या दोन्ही खिशांत एकेक रिकामी पिशवी आणि मांडीवर चिंचोक्यांचा ढीग. चालणारा गेला की चिंचोका उजव्या खिशात, सायकलवाला गेला की डाव्या. मी शाळेची पाटी घेऊन शेजारी. शाळेतली पोरं आली की ते दोन दोन टाकत.

"एकाला दोन कसे हो काका?"

"पोरं सरळ चालतात का कधी? जागा दोघांची लागते त्यांना."

असल्या हिशेबाने का होईना, मंजुरी आली. उर्दूतल्या त्या कागदावर शिक्का बसला त्या दिवशी काकांनी घरी बालूशाही आणली. मी तर शाळेत सांगूनही आले की आमच्या काकांची पटरी होणार आहे.

आणि मग पोलीस ॲक्शन झाली. शाळेत तिरंगा लागला, आम्हाला बत्तासे मिळाले, आणि घरात माणसं पुन्हा मोठ्याने बोलू लागली. माझ्या लेखी विलीनीकरण ते एवढंच. पण काकांच्या कचेरीत सगळं जगच बदललं. निजामाचा हाली रुपया जाऊन हिंदुस्थानचा कळदार आला, उर्दू जाऊन इंग्रजी आली. जुन्या सगळ्या मंजुऱ्या इंग्रजीत उतरवून नव्या साहेबांपुढे ठेवायच्या होत्या, आणि वर्ष संपायच्या आत. टेबलांवर कागदांचे ढीग लागले. त्या ढिगाऱ्यातच काकांची पटरी हरवली. कशी हरवली तो आमच्या घरातला पुढे चाळीस-पन्नास वर्षं चाललेला विनोद. कुणा एका शहाण्याने भाषांतर करताना पटरीचा अर्थ आगगाडीचा रूळ असा लिहिला. 'पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी रूळ, स्टेशनापासून शाळेपर्यंत.' नव्या साहेबांनी ते वाचलं, हा रेल्वेचा विषय म्हणून कागद रेल्वेकडे धाडला. तिथे तो महिनोन् महिने फिरला आणि उत्तर आलं, या शाळेला गाडीची आवश्यकता दिसत नाही. तोवर वर्ष संपलं, पैसा परत गेला. काका ही गोष्ट फार रंगवून सांगत. रेल्वेच्या साहेबाचं वाक्य नाक फुगवून म्हणत, आणि आम्ही पोट धरून हसायचो.

त्याच साली, कागद तिकडे फिरत असताना, शाळेत जाताना माझा पाय मोडला. एक बस अंगावर आली म्हणून एका सायकलवाल्याने हँडल वळवलं, आणि वळवायला जागा होती तिथे मी चालत होते. चूक त्याची नव्हती. बिचारा माझ्यापेक्षा जास्त रडला. हाड जुळलं पण नीट जुळलं नाही. माझं लंगडणं तेव्हापासूनचं. मी नऊ वर्षांची होते. खेळातून बाद झाले, पुढे लग्न जुळतानाही त्या पायाची चर्चा झालीच... पण ते जाऊ दे.

पाय बरा झाला त्या दिवसापासून काका मला शाळेत पोचवू लागले. मला भिंतीकडे घ्यायचे, स्वतः रस्त्याच्या अंगाने चालायचे. मी भराभर निघाले की म्हणायचे, "हल्लू... हल्लू चल माय. शाळा कुठं पळून नाही चालली." मी कॉलेजात गेले तरी तेच, मास्तरीण झाले तरी तेच. त्यांच्या सत्तरीत, हातात काठी असताना, रस्ता वळला की ते माझ्यामागून फिरून पुन्हा रस्त्याच्या बाजूला येत. मी थट्टा करायची, "काका, आता बसने धडक दिली तर तुम्ही काय तिला अडवणार?" ते म्हणत, "हौ. बघू की."

पटरीचा नाद मात्र त्यांनी सोडला नव्हता. साहेब बदलले, राज्याचं नाव बदललं, काका दर वर्षी नव्याने अर्ज करत. चिंचोके नव्याने मोजत. त्या अर्जाची एक प्रत मी पाहिली आहे. मजकूर इंग्रजीत, आणि शेजारी समासात पेन्सिलीने काढलेली दोन पावलं आणि एक सायकल. मी विचारलं, सरकारी कागदावर चित्रं कसली? म्हणाले, "शब्दांचा भरवसा नाही माय." मला तेव्हा हसू आलं होतं. पुष्कळ वर्षांनी एकदाचा पैसा मिळाला, पटरी झाली. माझी मुलं तिच्यावरून शाळेत गेली.

गेल्या महिन्यातल्या त्या शेवटच्या रविवारी मी त्यांच्या चिक्कडपल्लीच्या खोलीवर गेले होते. दुपार कलली होती, खिडकीतून पिवळं ऊन चादरीवर आलं होतं. बोलता बोलता तीच रुळांची गोष्ट निघाली आणि मी सवयीने हसले. काका हसले नाहीत. उन्हात हात धरून बसले होते.

"सुमे, तो शहाणा मीच होतो."

मला आधी कळलंच नाही.

"कागदांचा ढीग पडला होता. लहानपणापासून स्टेशनवर पाटी वाचलेली, पटरी ओलांडू नका, उर्दूत आणि इंग्रजीत. इंग्रजीतला पटरीचा शब्द मला तेवढाच येत होता. आपल्यात पटरी एकच, चालायचीबी आणि गाडीचीबी. वाटलं, त्यांच्यातबी तसंच असंल..." आणि मग, माझ्या पायाकडे न बघता, "एका शब्दानं तुझा पाय गेला बघ."

मी "चहा टाकू का?" एवढंच म्हटलं. चहा केला, दोघांनी प्यायला आणि मी निघाले. घरी येऊन मात्र राग आला. त्यांनी केलेल्या चुकीचा नाही, त्या चुकीवर इतकी वर्षं आम्हाला हसवल्याचा. चौथ्या दिवशी भाजी निवडताना एकदम उमगलं की हसवलं नसतं तर ते आमच्यात बसूच शकले नसते. दर वेळी ते आमच्यासमोर कबुली देत होते, फक्त सर्वनाम बदलून. मास्तरणीला हे कळायला इतकी वर्षं लागावीत! रविवारी जाऊन त्यांना सांगायचं ठरवलं, काका, तुमची चूक नव्हती हो. आणि शुक्रवारी फोन आला.

परवा नातीला शाळेतून आणत होते. ती नऊ वर्षांची आहे, मराठी बोलते पण तिच्या मराठीत तीन भाषा नांदतात. काकांच्याच पटरीवरून आम्ही निघालो. आता त्या पटरीवर पेरूची गाडी आहे, स्कूटर्स आहेत, आणि तरी चालायला जागा आहे. सवयीने मी भिंतीकडे गेले. रस्त्याच्या अंगाला माणसाएवढी जागा आपोआप मोकळी सुटली... आणि पोरगी त्या मोकळ्या जागेतून थेट रस्त्यावर उतरली.

"अगं, पटरीवरून चाल!" मी ओरडले.

ती थांबली. वळून, माझी कीव आल्यासारखी म्हणाली, "आजी, पटरीवरून तर ट्रेन चालते ना?"

मी तिथेच उभी राहिले. डोळे भरून आले आणि हसूही आलं. मग तिला हात धरून वर घेतलं, भिंतीच्या बाजूला केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा लंगडा पाय घेऊन रस्त्याच्या अंगाला गेले.

"हौ," मी म्हटलं, "आमच्या काकांनाही तसंच वाटलं होतं. चल... हल्लू."