पप्पांना उत्तर हवं असायचं

काल पप्पा गेले. आज त्यांच्या मयताला मी भर रस्त्यात ओरडले.

का ते सांगते. नाहीतर उद्या गावभर होईल, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

पप्पा बोटीवर लुकआउट होते. बोटीच्या टोकाला उभं राहायचं, पुढे काही दिसलं की ओरडून सांगायचं. वरून साहेबाने "पाहिलं" म्हणायचं. नियमच तो.

सत्तरच्या दशकात जी बोट बुडून पेपरात पहिल्या पानावर आली, ती त्यांचीच. पप्पा वाचले. गावातले दोघे परत आले नाहीत.

सांडोरला, आमच्या गावी, परत आले तेव्हा मम्मीने आधी चर्चमध्ये मेणबत्ती लावली, मग त्यांना घरात घेतलं.

पुन्हा बोटीवर गेले नाहीत. केळीची वाडी बघायचे.

पण ओट्यावर उभे राहून ओरडायचे.

"डावीकडे बैलगाडी!"

"समोर बावखल!"

आता घरासमोरचं तळं काय उठून अंगावर येणार होतं? पण कुणी उत्तर देईपर्यंत थांबायचे नाहीत. मम्मी भाकरी थापता थापता म्हणायची, "पाहिलं हो, पाहिलं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ऐंशी-एक्याऐंशी साल असेल. मी अकरावीला. मैत्रिणींबरोबर सायकलवर निघाले, आणि मागून पप्पा.

"समोर एसटी!"

मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. मी तोंड उघडलं नाही. मुद्दाम.

कॉलेजच्या गेटवर उतरले, वळून बघते तर पप्पा. बनियनवर, अनवाणी. एवढं अंतर धावत आलेले. अंगठा फुटून रक्त येत होतं.

"ऐकलंस का? तेवढं सांग."

"पप्पा, सगळे बघतायत!"

"बघू दे. ऐकलंस का?"

"ऐकलं ना! पाहिलं!"

तेव्हा कुठे ते कट्ट्यावर टेकले. आणि त्या बोटीबद्दल पहिल्यांदाच बोलले.

"खडक दिसला होता मला, बाय. पहाटेचं धुकं होतं, तरी दिसला. तीनदा ओरडलो. वरून उत्तर नाही. म्हटलं, ऐकलं असेल. साहेब वैतागेल उगाच. चौथ्यांदा नाही ओरडलो."

एवढंच. उठून वाडीत गेले.

त्यानंतर मी एकदाही उत्तर चुकवलं नाही. पण त्यांची भीती माझ्यात आली ती आलीच. मुलाला यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी फोन घेऊन दारात. तीन मिस्ड कॉल झाले तरी मी चौथा लावतेच. तो चिडतो. चिडू दे.

आज पेटी चर्चकडे निघाली. नाक्यावर टेम्पो वळला. तसा लांबच होता. तरी माझ्या तोंडून गेलं.

"उजवीकडे टेम्पो!"

सगळे चमकले. फादरसुद्धा थांबले.

आणि मागून मम्मीचा आवाज आला. रडून रडून घसा बसलेला. पंच्याऐंशी वर्षांची बाई, पेटीकडे बघत म्हणाली,

"पाहिलं हो, पाहिलं."

पप्पा, ऐकलं आम्ही. पहिल्याच हाकेला.

आता पहाऱ्यावरून उतरा खाली. देव तुम्हाला शांत झोप देवो.