बाटली न देता

रविवारी दुपारी लेक संगणकावर एक साहसी खेळ खेळत होती. त्यात तिच्या सोबतीला एक म्हातारा तिरंदाज असतो, पिणारा. त्याला दारूची बाटली भेट दिली की मैत्रीचे गुण वाढतात. हिच्या पोतडीत बाटल्या पडून होत्या, पण ही देईना.

"दे की," मी म्हटलं.

"नको गं. बाटली पुढे केली की तो आधी दुसरीकडेच बघतो. मग हात पुढे करतो. मामा करायचा तसंच."

मी खुर्ची ओढून बसले. गोष्टीतला दारुड्या म्हणजे झोकांड्या खाऊन हसवणारा, एवढंच आजवर पाहिलेलं. हे नजर चुकवणं ज्याने कुणी रेखाटलं, त्याच्या घरात कुणीतरी पीत असणार.

आपल्याकडे आग्रहाशिवाय प्रेम पोचतच नाही. जिलबी असो नाहीतर पेला, "माझ्यासाठी एवढंच" म्हटल्यावर नको म्हणणारा शिष्ट ठरतो. माझ्या दादाने दारू सोडली, तेव्हा दारूपेक्षा त्याला लग्नघरातली माणसं जड गेली.

लेकीने तिरंदाजाला नुसतं शेकोटीजवळ बसायला बोलावलं. गुण काही वाढले नाहीत. तो मात्र येऊन बसला.

संध्याकाळी दादा आला. कोकम सरबत पिऊन त्याने पेला खाली ठेवला. मी सवयीने तांब्या उचलला.

"पुरे गं," तो म्हणाला.

एका 'पुरे'वर मी आजवर कुणाला सोडलेलं नाही. तांब्या खाली ठेवला आणि त्याच्याशेजारी बसले.