चोवीस तासांचा डॉक्टर

अविनाश गेला, हे त्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी तिलाच रागावले. “नीट बघा, झोपला असेल,” म्हणाले. माझा धाकटा भाऊ, पन्नाशीही न गाठलेला, आदल्याच दिवशी माझ्याशी कडकडून भांडलेला… तो सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या जातो? महिना उलटला, मला अजून पटत नाही.

तो भूलतज्ज्ञ. घर इंदौरला, आणि आठवड्यातून दोन दिवस ड्यूटी बेटमा गावाच्या पुढच्या एका लहान सरकारी दवाखान्यात. त्या दवाखान्याला सरकारचा वरचा दर्जा हवा होता. तो मिळाला की अडलेल्या बाळंतिणीचं ऑपरेशन तिथेच, केव्हाही होणार होतं. रक्त ठेवायचा फ्रिज आला होता, नवजात बाळांची खोली झाली होती, ऑपरेशन करणाऱ्या मॅडम तिथेच राहत होत्या. घोडं अडलं भूल देणाऱ्यापाशी. तोही चोवीस तास हवा. तपासणीच्या दिवशी मॅडमनी त्याला विनवलं, “सर, बस आज बोल दीजिए कि यहीं रहते हैं.” हा पठ्ठ्या तपासणीवाल्यांना म्हणाला, मी इंदौरला राहतो, यायला तास लागतो. झालं, दर्जा हुकला.

मी त्याला चांगलंच झापलं. “एवढा एक शब्द बोलला असतास तर काय बिघडलं असतं रे?”

“अरे यार ताई, कागदावरचा डॉक्टर भूल कशी देणार? बाई तर खरीच येणार ना!”

आणि पुढच्याच महिन्यात तो सामान बांधून तिथल्या क्वार्टरमध्ये राहायला गेला. दुसऱ्या तपासणीत दर्जा मिळाला, फलक लागला. मग हा घरी यायचाच बंद झाला. आमचं शेवटचं भांडण त्यावरूनच… आता कुणाशी भांडू?

गेल्या रविवारी त्याचं सामान आणायला गेले. आवारात गाडी उभी होती, आत एक बाई कळांनी तळमळत होती. मॅडम ड्रायव्हरला सांगत होत्या, “इंदौर ले जाओ, जल्दी.” वर फलकावर ‘चोवीस तास’ तसंच होतं.

क्वार्टरमधलं सामान दोन पिशव्यांत मावलं. कुलूप लावायला गेले तर दाराला कडीच नव्हती, आतूनही नाही, बाहेरूनही नाही.

“सरांनीच काढायला लावली, दीदी,” सिस्टर म्हणाली. “म्हणाले, मला बोलवायला याल तेव्हा खटखटाने में टाइम मत गँवाना.”

मी दार नुसतं लोटून घेतलं.